पावसाळ्यात फुगणारी रायफल

आमच्या मागच्या खोलीचं दार दरवर्षी आषाढात अडतं. मृगाच्या पावसात नुसतं कुरकुरतं, जुलैत त्याला खांदा लावावा लागतो आणि नागपंचमीच्या सुमारास आई ते सरळ उघडं ठेवते, मध्ये पाटा लावून. गंमत म्हणजे हे घर सुताराचं. माझे वडील, अण्णा, पन्नास वर्षं दारं-खिडक्याच करत आले. अख्ख्या पेठेची दारं तासून दिली, पण या दाराला हात लावत नाहीत. "पावसात दाराला रंधा मारायचा नसतोय," म्हणतात. "दिवाळीला बोटभर फट पडती. मग थंडी आत आली की तूच बोंबलतीस."

या दाराचा आणि माझ्या रायफलीचा काही संबंध आहे हे कळायला मला दोन वर्षं आणि एक वाया गेलेली मॅच लागली.

मी ५० मीटर प्रोन खेळते. म्हणजे पालथं झोपून पॉइंट टू-टू रायफलनं साठ गोळ्या. खेळते म्हणजे काय, बँकेतली नोकरी सांभाळून शनिवार-रविवार. वय सत्तेचाळीस. कॉलेजात एनसीसीत पहिल्यांदा हातात रायफल आली आणि मग लग्न, बदल्या, मुलगा या सगळ्यात पंधरा वर्षं सुटली. २०१० मध्ये आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं म्युनिकला याच प्रकारात ६०० पैकी ५९७ मारून वर्ल्ड चॅम्पियनशिप आणली, तेव्हा मी ब्रँचमध्ये पेढे वाटले होते, जणू माझीच सख्खी बहीण. पुढच्याच महिन्यात रेंजवर जाऊन नाव घातलं. (आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना "मी गेलो, मी नाव घातलो" म्हणतो. इथं लिहिताना जरा सुधारून लिहिते आहे, ओळखीच्यांनी हसू नये.)

क्लबानं मला दिलेली रायफल जर्मन, जुनी, माझ्या आधी दोन-तीन हातांतून गेलेली. बीच नावाच्या विलायती झाडाच्या लाकडाचा स्टॉक, म्हणजे नळी (बॅरल) ज्यात बसते तो दस्ता, वर अक्रोडाचा रंग चढवलेला. दिसायला देखणी. आता रेंजवरच्या पोरांकडे ॲल्युमिनियमचे स्टॉक असतात, निळे-लाल, जागोजागी स्क्रू आणि पट्ट्या, लांबून बघितलं तर एक्सरे मशीनचा सुटा भाग वाटावा. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसहून ब्राँझ आणल्यापासून तर रेंजवर पोरांची रांगच लागली आहे. ती पोरं माझ्या रायफलीला "काकूंचं फर्निचर" म्हणतात.

तर त्या मॅचबद्दल. मे महिन्यात माझा सराव चांगला चालला होता, साठ गोळ्यांना ६१२, ६१४ असे आकडे येत होते (आता गुण दशांशात मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९, म्हणून ६०० च्या वर). जुलैच्या शेवटी मॅच. बाहेर तीन दिवस धो धो, पंचगंगेनं पात्र सोडलेलं, हवेत इतका ओलावा की कॅनव्हासचं जॅकेट अंगाला चिकटलेलं. पहिल्या सायटर, म्हणजे मॅचआधी नेम जुळवायच्या, गोळ्या उजवीकडे वर लागल्या. टार्गेटला घड्याळाची तबकडी मानलं तर दीड-दोन वाजायच्या दिशेला. ठीक आहे, साइटचे, म्हणजे नेम धरायच्या साधनाचे, क्लिक फिरवले, मधे आणलं. पण दुसऱ्या सिरीजमध्ये (दहा गोळ्यांची एक सिरीज) पुन्हा चार गोळ्या टेनमध्ये आणि दोन अचानक त्याच दिशेला बाहेर. टेनच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. गोळी स्वतःच ५.६ मिलिमीटर जाड. म्हणजे सात-आठ मिलिमीटर जरी सरकलं तरी टेनच्या काठावर लोंबकळायला होतं. शेवटी आकडा आला ६०१. मैदान सोडताना आमच्या कोच सरांनी एवढंच म्हटलं, "गालाचं प्रेशर बदलतंय तुझं." मीही तेच धरून बसले. आरशासमोर बसून स्टॉकवर गाल टेकवायचा सराव केला. डोळे तपासून घेतले. नवऱ्यानं चाळिशीनंतरच्या हार्मोन्सचा विषय काढला तेव्हा मात्र त्याला उठवलं.

ऑक्टोबर हीट सुरू झाली आणि सगळं जागेवर आलं. मला वाटलं, सराव फळाला आला.

पुढच्या जुलैत पुन्हा तेच, तीच दिशा. या वेळी मी शहाणपणा केला तो एवढाच की डायरी काढली. आम्ही प्रत्येक सरावानंतर साइट किती क्लिकवर होती ते लिहितो. दोन वर्षांची पानं शेजारी ठेवली. मार्च, एप्रिल, मे: आकडा जवळजवळ एकच. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून डावीकडे आणि खाली क्लिक वाढत गेलेले. सप्टेंबरअखेर उतरणीला, दसऱ्याला मूळ जागी. माझ्या गालाला पंचांग कळत असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर दोष माझ्या गालाचा नव्हता.

जेवताना हे बोलून दाखवलं तर अण्णा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "लाकूड कशाचंय?"

बीच म्हटल्यावर त्यांना काही बोध झाला नाही. बीच त्यांनी बघितलाच नव्हता. त्यांचं आयुष्य सागवानात गेलं, थोडं शिसव, थोडा आंबा. पण म्हणाले, "पाणी पीत आसंल ते. मला दाखव."

सरांची परवानगी घेऊन त्यांना रेंजवर नेलं. शस्त्रागारासमोरच्या व्हरांड्यात टेबलावर रायफल ठेवली, बोल्ट काढलेला. अण्णांनी चष्मा पुसला आणि बॅरल, साइट, ट्रिगर, ज्या गोष्टींवर आम्ही तासन् तास चर्चा करतो त्यांतल्या एकीकडेही बघितलं नाही. स्टॉकच्या पुढच्या टोकापाशी वाकले आणि लाकडावरच्या रेघांवरून अंगठ्याचं नख फिरवत नेलं. "हे बघ. रेघा सरळ येत्यात, आणि हितं येऊन उजव्या अंगाला बाहेर पळाल्यात. आसलं फळकूट मी चौकटीला घेत न्हाई. पाऊस लागला की पीळ खातंय."

मग बॅरल आणि स्टॉक यांच्यामध्ये नोट सरकवून बघितली. ही परीक्षा नेमबाजांना पाठ असते. चांगल्या टार्गेट रायफलीत बॅरल लाकडाला टेकतच नाही, ॲक्शनपासून (गोळी भरायचा-उडवायचा पोलादी भाग) पुढे हवेत मोकळी असते, आणि खालून दहाची नोट ॲक्शनपर्यंत आरपार जायला हवी. माझी रायफल ही परीक्षा पास झालेली होती. पण झाली होती मार्च महिन्यात! आता जुलैत नोट टोकापाशीच, डाव्या बाजूला, अडकली.

अण्णांनी काजळ मागितलं.

मला आधी कळेना. रेंजवरच्या एका पोरीच्या पर्समधून काजळाची डबी मिळाली. त्यांनी बोटावर घेऊन बॅरलच्या खालच्या अंगाला पुसट थर दिला, डोळ्यात घालतात त्याहून पुसट. मग मी बॅरल-ॲक्शन स्टॉकमध्ये बसवली, दोन्ही स्क्रू नेहमीइतके कसले, पुन्हा सोडले, सरळ वर उचलून काढली. लाकडाच्या खाचेत टोकापासून दोन बोटं आत, डाव्या भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, चिंचोक्याएवढा काळा डाग उमटला होता. दाराचं कुसू, म्हणजे जोडाचं टोक, खाचेत बसेना की सुतार हेच करतात म्हणे, फक्त काजळाच्या जागी दिव्याची काजळी. "हितं टेकतंय," अण्णा म्हणाले, आणि चहा मागवला. दोन वर्षं मी ज्याला मनाची एकाग्रता म्हणत होते ते एवढंसं निघालं.

आता त्या डागातून गोळी उजवीकडे वर का जाते, ते माझ्या परीनं सांगते. गोळी सुटते त्या क्षणी बॅरल तारेसारखी थरथरते. मोकळी असेल तर दर वेळी एकाच रीतीनं थरथरते आणि गोळी तोंडातून बाहेर पडते तेव्हा तोंड दर वेळी जवळजवळ त्याच जागी असतं. लाकूड डावीकडून-खालून रेटायला लागलं की बॅरल किंचित उजवीकडे-वर ढकलली जाते आणि तिची थरथरही बदलते. रेटा कायम सारखा असता तर चाललं असतं, क्लिक फिरवून मोकळं. पण प्रोनमध्ये डाव्या दंडाला स्लिंग, म्हणजे रायफलीला जोडलेला पट्टा, असते आणि ती स्टॉकचं पुढचं टोक खाली-डावीकडे ओढत असते. स्लिंग ताणलेली असली की माझं वाकलेलं लाकूड बॅरलपासून जरासं सुटायचं. थोड्या गोळ्यांनंतर दंड थकला, स्लिंग सैल झाली, की पुन्हा टेकायचं. म्हणून चार गोळ्या टेनमध्ये आणि दोन दीड वाजता. ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, नुसता सरकत नव्हता, एका तिरक्या रेघेत लांबत होता. डायरीतले टार्गेट पुन्हा पाहिले तर ती रेघ दिसतही होती.

लाकूड किती हलतं, याचे आकडे मी नंतर धुंडाळले आणि अण्णांना वाचून दाखवले. ओलं लाकूड पूर्ण सुकवलं तर त्याच्या वार्षिक वलयांना लागून, म्हणजे ज्या दिशेनं ते सगळ्यात जास्त आक्रसतं त्या दिशेनं, बीच सुमारे १२ टक्के आक्रसतो. अक्रोड साडेसात टक्क्यांच्या आसपास. सागवान पाच-सहा. झाडाच्या उंचीच्या दिशेनं सगळेच नगण्य. अण्णांना सागवानाचा आकडा ऐकून जो आनंद झाला, तो मला मेडल मिळालं तेव्हाही झाला नव्हता. "म्हणून तर जहाजं सागाची करत्यात," म्हणाले.

कोरड्या उन्हाळ्यात, हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात वजनाच्या सहाएक टक्के पाणी राहतं. आठवडेच्या आठवडे ९० टक्के आर्द्रता राहिली तर ते वीस टक्क्यांकडे जातं. वार्निशमुळे आमचा स्टॉक तेवढा टोकाला जात नसणार. तरी आठ टक्क्यांचा फरक धरला तर बीचच्या पाच सेंटिमीटर रुंदीत दीड मिलिमीटरच्या वर हालचाल होऊ शकते. नोटेची जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा. त्यात रेघा तिरक्या असल्या की लाकूड नुसतं फुगत नाही, वळतं.

आणि वार्निश तरी कुठे होतं? अण्णांनी खाचेतून बोट फिरवून दाखवलं. बाहेरून आरशासारखं पॉलिश, आत बॅरलखालची खाच कोरी करकरीत. आधीच्या कुणीतरी मालकानं ती कधी कागदानं घासली होती आणि पुन्हा बंद केली नव्हती. "दाराचं बी लोक असंच करत्यात. समोरून तीन हात रंग, आणि खालची कड कोरी. आन् पाणी पितंय ते खालच्याच कडंनं." लाकूड आडवं कापलेलं टोक असतं तिथून ओलावा सर्वांत वेगानं आत जातो. जवसाचं तेल चोळलं की लाकूड सुंदर दिसतं, म्हणून हौशी लोक तेच चोळतात, पण ओलावा अडवायला ते फार कामाचं नाही. दोन-तीन हात पॉलियुरेथेन दिलं तर पाण्याचा वेग कमी होतो. थांबत मात्र कशानंच नाही.

हा रोग फक्त आमच्या क्लबाचा नाही. अमेरिकन मरीन कोअरनं १९६६ मध्ये स्नायपरसाठी एम-४० रायफल घेतली, अक्रोडाच्या स्टॉकची. व्हिएतनामच्या पावसात ते स्टॉक फुगले, वाकले आणि नेम हलायला लागले. सत्तरच्या दशकात आलेल्या तिच्या पुढच्या आवृत्तीला फायबरग्लासचा स्टॉक होता. मला हे वाचून फार बरं वाटलं. त्यांच्याही गालाचं प्रेशर बदललं असणार, असं कुणीतरी आधी म्हटलं असेलच की.

उलट आपली थ्री-नॉट-थ्री बघा. पोलिसांच्या खांद्यावर जिला आपण लहानपणापासून पाहिलं ती ली-एनफिल्ड, इच्छापूरच्या कारखान्यात बनलेली. तिचं लाकूड तोंडापर्यंत बॅरलला कवटाळून असतं. तिथं बॅरल मोकळी सोडायचा विचारच नाही. उलट पुढच्या टोकाशी एक छोटी स्प्रिंग बसवून बॅरलला मुद्दाम वरच्या दिशेनं ठरावीक दाब दिलेला असतो. म्हणजे रेटा हवाच, पण दर वेळी तेवढाच आणि तिथूनच. एक घराणं बॅरलला अजिबात शिवू नका म्हणतं, दुसरं धरा पण घट्ट एकसारखी धरा म्हणतं. माझी रायफल दोन्ही घराण्यांतून बाहेर: कधी शिवायची, कधी नाही.

उपाय काय करायचा यावर माझं आणि अण्णांचं वाजलं. मला वाटलं, आत्ता जुलैत हात लावायचा नाही, दाराचा नियम तोच. दिवाळीनंतर कोरड्या हवेत खाच रुंद करू. अण्णा टेबलाशी बसून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दाराला फट नको असती. तुला फटच पायजे न्हवं?"

मी हो म्हटलं.

"मग आत्ताच तासायचं. आत्ता ते सगळ्यात जास्त फुगलंय. आज जेवढं मोकळं करशील, त्येच्यापेक्षा ते आत यायचं न्हाई."

पन्नास वर्षं पाळलेला नियम त्यांनी एका चहात उलटा केला. आणि बरोबरच होतं. बॅरलखालची फट दिवाळीत वाढली तर बिघडतं काय? तिला थंडी वाजत नाही. त्यांनी जाड पाइपच्या तुकड्याला सँडपेपर गुंडाळला, बॅरलपेक्षा जरासा जाड होईल असा, आणि खाचेतून लांब हात मारत राहिले. दर दहा हातांनी पुन्हा काजळ, पुन्हा बसवून बघणं. सात वेळा. शेवटी डाग उमटायचा थांबला, मग दोन नोटा एकावर एक ठेवून आरपार नेल्या, आणि वर डाव्या अंगाला अजून थोडं घेतलं, "पुराच्या वर्षासाठी". मग खाचेला तीन हात पॉलियुरेथेन. मधल्या दोन दिवसांत पाऊस उघडला नाही, तर आईच्या हेअर ड्रायरनं सुकवलं.

ॲक्शन जिथं लाकडावर बसते तो भाग मात्र दिवाळीनंतरसाठी ठेवला. तिथं फट नको असते, दाराचाच नियम. समोरच्या स्क्रूपाशी आणखी एक घोटाळा होता: बॅरल आणि लाकडाच्या टोकावर बोट ठेवून पुढचा स्क्रू हळूहळू सैल केला की बोटाखाली बॅरल स्पष्ट उचलल्यासारखी हलायची. म्हणजे ॲक्शन लाकडावर सपाट बसलेली नव्हती, स्क्रूनं वाकवून बसवलेली होती. कुणीतरी वर्षानुवर्षं स्क्रू आवळत आलं होतं आणि लाकूड दबत गेलं होतं. डिसेंबरात उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या दोन बुटक्या नळ्या करून घेतल्या, स्क्रूभोवती बसतील अशा. अण्णांनी त्या अ‍ॅरल्डाइटमध्ये बसवल्या, ॲक्शनखालीही पातळ थर दिला. चिकटू नये म्हणून पोलादाला बुटाचं पॉलिश फासलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी सोडवताना दोघांचाही श्वास वर होता. टक् आवाज करून सुटली. आता स्क्रू लाकडाला आवळत नाही, नळीला आवळतो. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानंच कसणारा पाना) लावून पाच न्यूटन-मीटर, पाऊस असो की ऊन.

त्यानंतरच्या जुलैत साइट मेच्या आकड्यापासून तीन क्लिक सरकली. पूर्वी वीसेक सरकायची. तीन क्लिक माझ्या डोळ्यांचे असतील, दमट हवेचे असतील, दारूगोळ्याच्या नव्या लॉटचे असतील. त्यांचा शोध मी घेतला नाही. स्कोअर ६११.

पोरं विचारतात, मग काकू, ॲल्युमिनियम का नाही घेत? घेतला असता. तो फुगत नाही हे खरंच. पण मला वाटतं त्याचा खरा फायदा अचूकतेत कमी आणि जुळवून घेण्यात जास्त आहे. गालाची पट्टी, खांद्याचा हुक, पकड, सगळं मिलिमीटरनं सरकवता येतं. वाढत्या वयाच्या पोरांना ते हवंच. माझी मान आखूड, हाडं आता काही वाढायची नाहीत. माझ्या गालाखालचा भाग अण्णांनी कानसेनं चार मिलिमीटर उतरवला आणि खांद्याच्या बाजूला बुचाचा तुकडा घालून लांबी वाढवली. एकदाच. ॲल्युमिनियमला कानस लावायला त्यांनी हात पुढे केला नसता. शिवाय जानेवारीच्या सकाळी सात वाजता धातूवर गाल टेकवून बघा.

लॅमिनेटचा स्टॉक मिळाला तर मात्र मी विचार करीन. लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवून केलेला असतो, एक वळायला लागला की शेजारचे त्याला धरून ठेवतात. अण्णांना तो आवडला नाही. "प्लायवुड हाय," एवढंच बोलले.

परवा, यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, रेंजवर जाऊन नोट फिरवली. आरपार गेली. घरी येऊन सांगायला मागच्या दारानं शिरले, तर दार अडलेलं. खांदा लावला, आतून अण्णा ओरडले, "सावकाश, बिजागरी निघंल."